नळी, लायसन्स आणि परक्या मुलखातली एक रात्र

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

व्हिसा हा विषय निघाला की आपल्याकडे बोललं जातं ते प्रवाशांबद्दल. कुणाच्या मुलाला अमेरिकेचा मिळाला, कुणाला नाकारला, कुणी पहाटेपासून वकिलातीच्या रांगेत उभा राहिला. आज मी बोलणार आहे तो व्हिसा प्रवाशांचा नाही, प्रवाशांना पोहोचवणाऱ्यांचा आहे. दुसऱ्याला पलीकडे नेऊन सोडणं हाच ज्याचा धंदा आहे, त्या माणसाला सीमेवर काय म्हणून ओळखायचं? पाहुणा म्हणून, कामगार म्हणून, की संशयित म्हणून? हा प्रश्न जगाला शंभर वर्षांहून अधिक काळ पडलेला आहे. माझ्या घरी तो दोनदा येऊन गेला. एकदा आजोबांच्या रूपानं आणि एकदा भाच्याच्या.

भाच्यापासून सुरुवात करतो. तो मुंबईत एका छोट्या जेट विमानावर सहवैमानिक आहे. हे विमान वेळापत्रकावर उडत नाही. ज्याला गरज असेल आणि परवडत असेल, तो ते भाड्यानं घेतो. कधी उद्योगपती असतात, कधी वकील, तर कधी उपचारासाठी निघालेला रुग्ण. रात्री अकराला फोन येतो आणि पहाटे तीनला कलिन्याच्या बाजूच्या टर्मिनलवर हजर व्हावं लागतं.

काही वर्षांपूर्वी हे लोक असेच एका परदेशी विमानतळावर उतरले. गावाचं नाव सांगत नाही, ते महत्त्वाचंही नाही. विमानात चार प्रवासी होते. त्यांच्यासाठी गाडी थेट शिडीपाशी आली आणि वीस मिनिटांत मंडळी शहराकडे रवाना झाली. मागे उरले कॅप्टन आणि माझा भाचा. त्यांच्याजवळ पासपोर्ट होते, वैमानिकाची लायसन्स होती आणि ‘जनरल डिक्लरेशन’ नावाचा कागद होता. विमान कुठून आलं, त्यावर काम करणारे कोण, विमानात कुणी आजारी आहे का, हे सांगणारा तो कागद. आदल्या महिन्यात त्याच विमानतळावर, त्याच कागदावर दोघांना दोन दिवस राहण्याचा परवाना मिळाला होता. या खेपेला खिडकीत दुसरा अधिकारी होता. त्यानं विचारलं, “तुमची एअरलाइन कोणती?” एअरलाइन नव्हती. “मग व्हिसा?” व्हिसाही नव्हता.

दोघांनी रात्र प्रतीक्षागृहातल्या लोखंडी खुर्च्यांवर काढली. गैरसोय तर झालीच, पण खरी अडचण पुढे होती. दोन उड्डाणांच्या मध्ये वैमानिकाला ठराविक तासांची विश्रांती मिळालीच पाहिजे, असा कायदा आहे. खुर्चीवर बसून काढलेली रात्र विश्रांती कशी धरायची? सकाळी प्रवासी परत आले तेव्हा कॅप्टननं उड्डाण करायला नकार दिला. ज्यांनी विमानाचे पैसे मोजले होते ते चिडले. कॅप्टन बधले नाहीत. संध्याकाळपर्यंत धावपळ झाल्यावर विमानतळाच्या आवारातच दोन खाटा मिळाल्या आणि विमान एक दिवस उशिरा निघालं.

भाच्यानं हे फोनवर सांगितलं तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, “नाव वाचून अडवलं का रे?”

तो हसला. म्हणाला, “मामू, कॅप्टनसाहेब सदाशिव पेठेतले आहेत. ते माझ्या शेजारच्याच खुर्चीत होते.”

माझ्यासारख्या नावाच्या माणसाला सीमेवर पहिली शंका हीच येते. ती दर वेळी खोटी असते, असं मी म्हणणार नाही. पण या खेपेला आडवं आलं ते नाव नव्हतं. आडवा आला तो ‘वेळापत्रक’ हा साधा शब्द. तो शब्द तिथं कसा येऊन बसला, याचा शोध घेताना मी आजोबांच्या पेटीपर्यंत जाऊन पोहोचलो.

आजोबा दाभोळ खाडीच्या काठच्या गावचे. इंग्रज कंपनीच्या आगबोटीवर ते खलाशी होते. त्या काळी बोटींवर कामाची वाटणी ठरलेली असे. डेकवर रत्नागिरीकडचे आणि गुजरातचे, खाली इंजिनात पंजाबी आणि पठाण, जेवणघरात आणि केबिनीत गोव्याचे. खलाशाकडे त्याच्या नोकरीचा दाखला असे. कोणत्या बोटीवर चढला, कधी उतरला, वागणूक कशी होती, हे त्यात लिहिलेलं. दर्यावर्दी लोक या दाखल्याला ‘नळी’ म्हणत. खाऱ्या हवेत कागद टिकावा म्हणून तो पत्र्याच्या नळीत गुंडाळून ठेवायची रीत होती, त्यावरून हे नाव पडलं. पुढं त्याचं पुस्तक झालं, तरी नाव नळीच राहिलं. आमच्या गावात मुलीसाठी स्थळ पाहताना “मुलाकडे नळी आहे का?” असं विचारलं जाई.

आजोबांना वाटायचं, नळी म्हणजे सर्व काही. पण परक्या बंदरात तिची किंमत काय होती, हे इतिहास सांगतो. 1925 मध्ये ब्रिटनच्या सरकारनं ‘रंगीत परदेशी खलाशां’वर निर्बंध घालणारा आदेश काढला. काळ्यासावळ्या खलाशानं पोलिसांत नोंद करायची, नाहीतर आपण ब्रिटिश प्रजाजन आहोत हे कागदानिशी सिद्ध करायचं. आता हिंदुस्थानचा खलाशी तर त्या कायद्याप्रमाणे ब्रिटिश प्रजाजनच होता. पण त्याच्याजवळ पासपोर्ट कुठला? त्याच्याजवळ होती नळी, आणि ती पुरावा म्हणून पुरेशी मानली जात नसे. परिणाम असा झाला की बादशहाच्याच राज्यात जन्मलेले, बादशहाच्याच झेंड्याखाली नोकरी करणारे कितीतरी लोक कार्डिफसारख्या बंदरांत ‘परदेशी’ म्हणून नोंदले गेले. हा आदेश 1942 पर्यंत लागू होता. आजोबा सांगायचे, “लंडनचा पाऊस पाहिला, लंडन नाही पाहिलं.” लहानपणी मला तो विनोद वाटायचा.

पाण्यावर हे चाललं असताना आकाशातही नवे नियम होत होते. पहिल्या महायुद्धानंतर, 1919 मध्ये, पॅरिसला हवाई वाहतुकीचा पहिला मोठा करार झाला. प्रत्येक देशाचं आपल्या डोक्यावरच्या आकाशावर पूर्ण सार्वभौमत्व आहे, हे तिथं मान्य झालं. परदेशी जाणाऱ्या विमानानं कोणते कागद बाळगायचे याची यादीही ठरली, आणि त्या यादीत वैमानिकाचं लायसन्स होतं. पुढच्याच वर्षी, 1920 मध्ये, राष्ट्रसंघाच्या पुढाकारानं पॅरिसलाच पासपोर्टबद्दल परिषद भरली आणि बत्तीस पानी पुस्तिकेचा नमुना ठरला. गंमत म्हणजे, पासपोर्ट ही युद्धामुळे आलेली तात्पुरती अडचण आहे, आज ना उद्या ती जाईल, अशी आशा त्या काळी अनेकांना होती. आज आपण सगळे ते पुस्तक जिवापाड जपतो.

त्या दिवसांत छोटी विमानं घेऊन देशोदेशी जाणारे लोक हौशी होते. आपल्याकडची ठळक आठवण 1930 ची आहे. इंग्लंड ते हिंदुस्थान हे अंतर एकट्यानं उडून जाणाऱ्या पहिल्या हिंदी माणसाला आगाखानांनी पाचशे पौंडांचं बक्षीस लावलं होतं. जे. आर. डी. टाटा कराचीहून इंग्लंडकडे निघाले आणि अस्पी इंजिनिअर हा कोवळा पोरगा इंग्लंडहून कराचीकडे. दोघांची गाठ इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ अबुकीरला पडली. अस्पींच्या इंजिनाला स्पार्क प्लग हवे होते आणि त्यांच्याजवळ जादा नव्हते. जेआरडींनी आपल्याजवळचे दिले. अस्पींनी बदल्यात आपलं लाइफ जॅकेट जेआरडींना देऊन टाकलं. बक्षीस अस्पींनी जिंकलं. हेच अस्पी इंजिनिअर 1960 च्या अखेरीस भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. आजच्या भाषेत सांगायचं तर ही दोन्ही उड्डाणं खासगी होती, त्यांना कसलंही वेळापत्रक नव्हतं. प्रतिस्पर्ध्याला आपले प्लग काढून देणाऱ्या माणसावर जगानं विश्वास टाकायला हरकत नसावी, असं मला ही गोष्ट आठवली की वाटतं.

आता येतो मुख्य वळणावर. दुसरं महायुद्ध अजून चालू होतं, तेव्हा 1944 च्या नोव्हेंबरात अमेरिकेत शिकागोला परिषद बसली. भारताच्या प्रतिनिधी मंडळाचे प्रमुख होते सर गिरिजाशंकर बाजपेयी. 7 डिसेंबर 1944 ला करार झाला आणि 1947 च्या एप्रिलमध्ये तो अमलात आला. आजची सगळी नागरी विमानवाहतूक याच करारावर उभी आहे.

या करारात एक मजेदार भेद आहे. त्याचं पाचवं कलम वेळापत्रक नसलेल्या विमानांबद्दल आहे आणि सहावं वेळापत्रकावर चालणाऱ्या विमानांबद्दल. कागदावर पाहिलं तर पाचवं कलम उदार आहे. वेळापत्रक नसलेल्या विमानाला, काही अटींवर, आगाऊ परवानगीशिवाय दुसऱ्या देशावरून उडता येईल आणि प्रवासी किंवा माल चढवण्या-उतरवण्याचा हेतू नसेल तर उतरताही येईल, असं ते म्हणतं. सहावं कलम कडक आहे. वेळापत्रकाच्या सेवेला त्या त्या देशाची खास परवानगी हवी. म्हणजे करार लिहिणाऱ्यांनी जास्त मोकळीक दिली ती माझ्या भाच्याच्या विमानासारख्या विमानांना! व्यवहारात मात्र बहुतेक देश अशा विमानांकडूनही आधी परवानगी मागतात.

आणि विमानातल्या माणसांचं काय? तेराव्या कलमानं सांगितलं की प्रवासी असो वा कर्मचारी, ज्या देशात उतराल तिथले प्रवेशाचे कायदे पाळा. बाविसाव्या कलमानं देशांना सांगितलं की विमानं, कर्मचारी आणि प्रवासी यांचा विनाकारण खोळंबा होऊ देऊ नका. एका हातानं कुलूप आणि दुसऱ्या हातानं किल्ली, असा हा मामला.

किल्लीचा तपशील ठरला 1949 मध्ये. कराराला जोडलेल्या नवव्या परिशिष्टात विमान कर्मचाऱ्यांसाठी सवलत आली. वैमानिकाचं लायसन्स किंवा ‘क्रू मेंबर सर्टिफिकेट’ नावाचं ओळखपत्र दाखवलं की थोड्या मुक्कामासाठी पासपोर्ट-व्हिसा मागायचा नाही. पण त्याच्या जुन्या आवृत्त्यांत शर्त अशी होती की माणूस एअरलाइनचा हवा, त्यानं विमानतळावर किंवा जवळच्या शहरातच राहावं आणि त्याच विमानानं किंवा वेळापत्रकातल्या पुढच्या उड्डाणानं निघून जावं. भाच्याला रात्रभर खुर्चीवर बसवणारा शब्द तो हाच.

हा शब्द दुष्टाव्यानं घातलेला नव्हता. त्या वेळचं जग डोळ्यांसमोर आणा. 8 जून 1948 ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला पहिल्यांदा निघालं, तेव्हा परदेशी जाणारा विमान कर्मचारी म्हणजे अशा कंपनीचा गणवेशातला माणूस. तो आज आला, परवा जाणार, हे छापील वेळापत्रकावरूनच कळायचं. सीमेवरच्या अधिकाऱ्याला तेवढा भरवसा पुरत होता. कंपनीची इभ्रत हाच त्या माणसाचा जामीन.

मग जग बदललं. 1963 मध्ये लिअरजेटनं पहिलं उड्डाण केलं आणि कंपन्यांच्या, धनिकांच्या छोट्या जेटचं युग आलं. या विमानांचे वैमानिकही तितकेच शिकलेले, तितक्याच परीक्षा दिलेले. पण त्यांच्या मागे वेळापत्रक नव्हतं. मालकाची बैठक लांबली तर दोनाचे पाच दिवस व्हायचे. कधी विमान तिथंच ठेवून वैमानिकांना साध्या विमानानं प्रवासी म्हणून परतावं लागायचं, किंवा दुसऱ्या वैमानिकाला तसंच जाऊन विमान ताब्यात घ्यावं लागायचं. विमान चालवत आलेल्या माणसाला मिळणारी सवलत तिकीट काढून आलेल्याला कशी द्यायची, असा पेच पडू लागला. 1981 मध्ये या क्षेत्रातल्या संघटनांनी आंतरराष्ट्रीय परिषद स्थापन केली. तिनं आपल्या वैमानिकांसाठी ओळखपत्रही काढलं. पण ओळखपत्र म्हणजे व्हिसा नव्हे. ते मानायचं की नाही, हे खिडकीतल्या माणसानं ठरवायचं.

परिशिष्टाची भाषा पुढं बरीच मोकळी झाली. मात्र कराराच्या अडतिसाव्या कलमानं देशांना पळवाट ठेवलेली आहे. एखादा नियम पाळणं जमत नसेल तर तसं कळवा, एवढंच बंधन. त्यामुळे आज चित्र असं दिसतं. युरोपात शेंगेन देशांच्या सीमा-संहितेप्रमाणे वैमानिकाचं लायसन्स किंवा क्रू सर्टिफिकेट दाखवून कामावर असलेल्या माणसाला विमानतळाच्या शहरात जाता येतं. अमेरिकेत तसं नाही. तिथं कर्मचाऱ्यांसाठी ‘डी’ नावाचा वेगळा व्हिसा आहे आणि त्यावर एका खेपेला जास्तीत जास्त एकोणतीस दिवस राहता येतं. विमान गाठण्यासाठी प्रवासी म्हणून जायचं तर सोबत ‘सी-वन’ लागतो. मालकाच्या स्वतःच्या विमानाचे वैमानिक मात्र सर्वसाधारणपणे व्यवसायाचा व्हिसा घेऊन जातात. ज्या देशांच्या नागरिकांना अमेरिकेत व्हिसा माफ आहे, त्यांनाही ती माफी अमेरिकी सरकारशी करार न केलेल्या खासगी विमानातून आल्यास मिळत नाही. चीनमध्ये वाहतूक कर्मचाऱ्यांसाठी ‘सी’ व्हिसा वेगळा आहे. इतर ठिकाणी कुठे दोन दिवस, कुठे तीन दिवस, कुठे फक्त विमानतळाच्या हॉटेलात. भाचा म्हणतो, “मामू, हवामानाचा अंदाज बरा, पण खिडकीचा नाही.”

या अनिश्चिततेवर 2001 च्या 11 सप्टेंबरनं आणखी सावली टाकली. त्या दिवशी प्रवासी म्हणून चढलेल्यांनी विमानं ताब्यात घेतली आणि वैमानिकांना मारलं. म्हणजे वैमानिक त्या गुन्ह्याचे पहिले बळी होते. पण त्यानंतर संशयाची चाळणी लागली ती त्यांनाही. अमेरिकेत पूर्वी सगळ्या कर्मचाऱ्यांच्या नावांच्या यादीवर एकच व्हिसा मिळू शकत असे. 2004 मध्ये ही पद्धत बंद झाली आणि प्रत्येकानं स्वतंत्र मुलाखत देऊन स्वतंत्र व्हिसा घ्यायचा, असं ठरलं. 2009 पासून खासगी विमानांनाही उड्डाणाआधी निदान एक तास प्रत्येक माणसाची माहिती इलेक्ट्रॉनिक मार्गानं कळवणं सक्तीचं झालं. सुरक्षेसाठी हे लागतं, हे मी नाकारत नाही. विमानात कोण आहे हे कळलंच पाहिजे. पण कोण आहे हे आधीच कळलं असेल, तर मग त्याला झोपायला खाट का देऊ नये, एवढाच माझा प्रश्न आहे.

इथं मला समुद्राकडे परत जावंसं वाटतं. आजोबांच्या पिढीला जे मिळालं नाही, ते निदान तत्त्व म्हणून पुढच्यांना मिळालं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं 1958 मध्ये खलाशांच्या ओळखपत्राचा करार केला. बंदरात बोट उभी असताना खलाशाला किनाऱ्यावर पाय मोकळे करायला जाऊ द्यावं, हे त्यात मान्य झालं. 2003 मध्ये नवा करार आला आणि ओळखपत्रात बोटांच्या ठशांची खूण आली. भारतानं तो 2015 मध्ये मंजूर केला. अमेरिकेनं तो मंजूर केलेला नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या. या करारात खलाशाला कुणी विचारत नाही की तुझी बोट वेळापत्रकावर चालते की मिळेल तो माल घेऊन मिळेल त्या बंदराला जाते. खलाशी तो खलाशी. ओळख माणसाच्या कामाची आहे, मालकाच्या छापील कागदाची नाही. आकाशातल्या नियमांना अजून इथपर्यंत यायचं आहे.

अर्थात, करार असले तरी वेळ आली की दारं कशी लागतात, हे 2020 च्या साथीनं दाखवलं. सुमारे चार लाख खलाशी करार संपूनही बोटींवर अडकून पडले होते. औषधं आणि माल नेणाऱ्या विमानांचे वैमानिक हॉटेलच्या खोलीत कोंडले जात होते. सगळं जग घरात बसलं होतं ते या लोकांच्या भरवशावर, आणि किनाऱ्यावर उतरायला बंदी होती ती त्यांनाच.

मित्रहो, श्रीमंतांच्या जेट विमानांची काळजी आपण का करावी, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. माझ्याही आला होता. पण विमान श्रीमंताचं असलं तरी ते चालवणारा पगारी माणूस असतो. विमानाचा मालक वीस मिनिटांत शहरात पोहोचतो. जो उरतो तो कर्ज काढून लायसन्स मिळवलेला कुणाचा तरी मुलगा असतो. आणि दुसऱ्या दिवशी चार जिवांचा भार त्याच्याच डोळ्यांवर असतो. ते डोळे रात्री मिटले होते की नाही, हा व्हिसाचा प्रश्न राहत नाही.

आजोबांची नळी, म्हणजे ते जुनं पुस्तक, अजून आमच्या घरी आहे. मागच्या ईदला भाचा आला तेव्हा त्यानं ते मागून घेतलं. पानं उलटत राहिला. बोटींची नावं, तारखा आणि शेवटच्या रकान्यात प्रत्येक खेपेला तोच इंग्रजी शेरा, वागणूक उत्तम. एक, दोन, तीन अशी सगळी पानं. त्यानं स्वतःची उड्डाणवही बॅगेतून काढून शेजारी ठेवली. म्हणाला, “मामू, माझ्या वहीत हा रकानाच नाही.”

मी त्याला म्हटलं, रकाना असून तरी त्यांना किनाऱ्यावर कुणी उतरू दिलं होतं? तो काही बोलला नाही. पुस्तक कापडात गुंडाळून त्यानं पेटीत होतं तसं ठेवलं. रात्री त्याचा फोन वाजला. पहाटेचं उड्डाण होतं. निघताना त्याच्या मामीनं विचारलं, “व्हिसा आहे ना रे बाबा?” आमच्या घरात आता डबा घेतलास का, याच्याआधी हे विचारतात.